फ्रिजसाठी स्टॅबिलायझर घ्यावा की व्होल्टेज कट?

गव्हाला पाणी सुरू झालं की आमच्या परभणीकडे संध्याकाळी लाइट डिम होते. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, सगळ्या मोटारींचा लोड येतो आणि घरातला फ्रिज गुरगुरतो, टक् करून थांबतो, पुन्हा गुरगुरतो. त्याकडे दुर्लक्ष करू नका. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर फिरायला जोर करतो, फिरत नाही, कितीतरी पट करंट ओढतो आणि वाइंडिंग तापून जळते. अशा घराला स्टॅबिलायझरच हवा. 230 च्या जागी 170 व्होल्ट येत असले तरी तो वाढवून देतो. बहुतेक स्टॅबिलायझर लाइट आल्यावर थोडं थांबून मगच फ्रिज चालू करतात. घेताना रेंज नक्की वाचा. 170 ला चालणारा 130 ला चालेलच असं नाही.

माझ्या बहिणीकडे मात्र उलटं झालं. डीपीवरचा न्यूट्रल (करंटची परतीची तार) सुटला, शेजारचे दिवे मंद झाले आणि तिच्या घरातले भगभगले. अशा वेळी व्होल्टेज 300 च्याही वर जाऊ शकतं. मिक्सर, इंडक्शन, पाण्याचा फिल्टर, सगळं गेलं. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडलाच नाही, कारण तो जास्तीचा करंट ओळखतो, व्होल्टेज नाही. इथे मेन बोर्डात बसणारा हाय-लो व्होल्टेज कट कामाचा. व्होल्टेज फार वाढलं किंवा फार घटलं की तो अख्ख्या घराची लाइट तोडतो. पण व्होल्टेज वाढवून देत नाही, म्हणजे रोज डिम असणाऱ्या घरात तो लावला तर संध्याकाळभर अंधार. मी दोन्ही लावले आहेत: बोर्डात कट, फ्रिजला स्टॅबिलायझर. गीझरला काही नको. 180 व्होल्टला त्याची ताकद साधारण 60 टक्क्यांवर येते, पाणी उशिरा तापतं एवढंच.

खरेदीआधी एक बघा. शेजाऱ्याकडेही डिम असेल तर दोष लाइनचा. तुमच्याच घरात, इंडक्शन लावल्यावर दिवा दबत असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल. प्लगची पिन काळी पडली असेल तर पैसे आधी वायरमनला द्या. सैल सॉकेटवर दोन्ही उपकरणं निरुपयोगी.

फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर लगेच प्लग काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगची पकड सुटते. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत राहा, आणि बोर्डात 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) बसवून घ्या.