हजाराच्या आतली वाइन: चेनिन आणू की शिराझ?

आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींनी परवा लिफ्टमध्ये हळूच विचारलं, "अगं, तुला ते वाइनचं कळतं ना, हजाराच्या आत घरी ठेवायला कुठली बाटली आणू? रोज नाही गं, शुक्रवारी वगैरे." पाचवा मजला येईपर्यंत काही सांगून झालं नाही, म्हणून आता सविस्तर. आणि मला वाइनचं कळतं वगैरे काही नाही हं, मी फक्त चारपाच वर्षं स्वस्तातल्या बाटल्या आणून पिठलं-भाकरीपासून चिकन सुक्क्यापर्यंत सगळ्याबरोबर पिऊन बघितल्यात, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

आधी दुकानाचं बोलते, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. पुण्यात पाटी "अमुक तमुक वाइन्स" अशी असते आणि आत वाइन सोडून सगळं असतं. व्हिस्की, रम, बिअरचा फ्रिज, आणि वाइनच्या सातआठ बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर ट्यूबलाइटच्या शेजारी धूळ खात उभ्या. एप्रिलमध्ये बाहेर ३८-४० डिग्री असताना त्या फळीवर काय होत असेल विचार करा. मी एकदा अशीच एक रेड आणली, बूच थोडं वर आलेलं होतं पण मला तेव्हा त्याचा अर्थ माहीत नव्हता, घरी उघडली तर मनुका उकळून ठेवल्यासारखी चव. परत गेले तर काउंटरवरचा म्हणतो, "रेड अशीच लागते मॅडम." तर बूच वर आलेलं किंवा मान चिकट असलेली बाटली घ्यायची नाही, आणि ज्या दुकानात वाइनचा माल खरंच हलतो तिथूनच घ्यायची, मग ते दोन किलोमीटर लांब असलं तरी चालेल. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मंजुरी दिली होती, पण त्यावर एवढा गदारोळ झाला की ते काही प्रत्यक्षात आलंच नाही, नाहीतर वहिनींना तांदळाबरोबर ट्रॉलीत टाकून आणता आली असती आणि लिफ्टमध्ये कुजबुजावं लागलं नसतं.

बाटलीवरचं सालही बघा. "वाइन जितकी जुनी तितकी चांगली" हे या किमतीच्या वाइनला बिलकुल लागू नाही, या ताज्याच प्यायच्या असतात. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या आसपास होते, त्यामुळे त्याच वर्षीची व्हाइट पावसाळ्यानंतर दुकानात दिसू शकते. माझा ढोबळ नियम, व्हाइट दोन वर्षांच्या आतली, रेड तीन.

आता मुद्द्यावर. खरी लढत दोघींतच आहे, चेनिन ब्लां ही व्हाइट आणि शिराझ कॅबर्ने ही रेड. दोन्ही हजाराच्या आगेमागे मिळतात, आणि एमआरपी बदलत असतात त्यामुळे लेबल बघूनच घ्या.

एका शनिवारी आम्ही घरी रीतसर परीक्षाच घेतली. मी, नवरा, नणंद आणि तिचे मिस्टर. दुकानदार बाटली पेपरात गुंडाळून देतोच, तो पेपर काढलाच नाही, वर चिकटपट्टी लावून फक्त नंबर टाकले. चार काचेचे ग्लास, ते कमी पडले म्हणून दोन स्टीलची भांडी (स्टीलमध्ये वास अजिबात कळत नाही, हा त्या दिवशीचा पहिला शोध). खायला कोथिंबीर वडी, अळूवडी, चिकन सुक्कं, भाकरी.

चेनिन मूळची फ्रान्समधल्या लुआर खोऱ्यातली, पण नाशिकला अशी रुळलीये की आता आपलीच वाटते. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीच्या अगदी पहिल्या, २००० साली बाजारात आलेल्या वाइन म्हणजे हीच चेनिन आणि सोव्हिन्यों ब्लां. सुलाची चेनिन जराशी गोडसर, पिकलेला पेरू आणि अननसाची आठवण करून देणारी, फ्रातेल्ली या दुसऱ्या कंपनीची त्यामानाने कोरडी, म्हणजे गोडवा कमी. ही गोडसर गोष्ट वाइनवाली मंडळी थोडी नाक मुरडूनच सांगतात, पण आपल्या जेवणाबरोबर तीच कामाला येते. तिखट खाल्ल्यावर अल्कोहोल आणि टॅनिन (वाइनमधला तुरटपणा) दोन्ही तोंडातली आग वाढवतात आणि थोडा गोडवा ती विझवतो, साधं गणित आहे. अळूवडीतला चिंच-गूळ आणि गार चेनिन हे तर इतकं जुळलं की नणंदेचे मिस्टर, जे एरवी ओल्ड मंकशिवाय कशाला हात लावत नाहीत, त्यांनी नंबर दोनचा ग्लास परत पुढे केला. नंबर दोन म्हणजे चेनिन.

सोव्हिन्यों ब्लां, दुसरी व्हाइट, तिची थोरली जाऊ म्हणा. जास्त कोरडी, जास्त आंबट, हिरवी मिरची आणि ताज्या कापलेल्या गवतासारखा वास. कोथिंबीर वडीबरोबर हिने चेनिनला सरळ हरवलं, हिरव्याला हिरवं भेटलं. पण पहिल्यांदा पिणाऱ्याचं तोंड वाकडं होतं, नवऱ्याचं झालंच. दुसरी-तिसरी बाटली म्हणून आणा, पहिली नको.

शिराझ कॅबर्ने. वाइन म्हटलं की डोळ्यासमोर लाल रंगच येतो, म्हणून बहुतेक लोक सुरुवात इथून करतात आणि "आपल्याला नाही बुवा आवडत" म्हणून इथेच थांबतात. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, ते टॅनिन. एकटी प्यायला छान असते, काळी मिरी, जांभूळ, थोडा लाकडाचा वास, पण चिकन सुक्क्याच्या दुसऱ्या घासाला आमच्या चौघांच्याही तोंडाला अक्षरशः आग लागली. चव वाइनची वाईट नव्हती, सुक्कंही उत्तम होतं, दोघांचं जमत नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी उरलेली वांग्याच्या भरिताबरोबर घेतली, त्यात मिरची कमी होती, तर धुराचा वास आणि शिराझ एकदम झकास लागलं. चीज, पिझ्झा, बेताच्या मसाल्याचं मटण, इथे ही वाइन शोभते.

अजून एक, रेड रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात ते थंड देशातल्या खोलीचं टेंपरेचर हो! १६ ते १८ डिग्री. मे महिन्यात आपल्या हॉलमध्ये ३४ असतात, त्यात रेड म्हणजे कोमट काढाच. तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवायची, कोणी हसलं तर हसू द्या. व्हाइटला दोनतीन तास.

दोघींच्या मधला मार्ग हवा असेल तर फ्रातेल्लीची सांजोव्हेजे ही रेड बघा. द्राक्ष इटलीतल्या टस्कनीचं, कियांती ही तिथली प्रसिद्ध रेड ज्याची बनते तेच, आणि पिकतं कुठे तर आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला. शिराझपेक्षा हलकी, थोडी आंबट, टोमॅटो असलेल्या कशाहीबरोबर जमते. आम्ही पावभाजीबरोबर घेतली होती, वर लोणी कमी टाकलं असतं तर अजून जमली असती असं नणंदेचं मत, माझं मत लोणी कमी टाकायचं नसतं.

पोर्ट वाइनचं एका ओळीत सांगते, खूप गोड, स्वस्त, थंडीत छोटा ग्लास ठीक, जेवणाबरोबर नको.

आणि इंपोर्टेड? तेवढ्याच पैशात "फॉरेनची" मिळतेय म्हणून हात जातो खरा, माझाही जायचा. पण आयात वाइनवर कस्टम ड्यूटी आणि सेस मिळून बरीच वर्षं १५०% लागत आलेत. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून तिथल्या वाइनवर ती कमी व्हायला लागली, पण ज्या बाटलीची आयात किंमत ५ डॉलरच्या वर आहे तिलाच ती सवलत, म्हणजे सगळ्यात स्वस्त मालाला नाहीच. मग हजार-बाराशेच्या परदेशी बाटलीत प्रत्यक्ष वाइनचे पैसे किती उरले असतील? उलट आपल्या राज्यात २००१ पासून वाइन धोरण आहे आणि इथल्या द्राक्षांच्या वाइनला करात सवलती मिळत आल्यात, त्यामुळे तेवढ्याच नोटेत नाशिक-अकलूजची बाटली जास्त वाइन देते. जास्त पैसे असतील तेव्हा परदेशी आणा, मग मजा आहे.

हिशोबाचंही बघा, ७५० मिलीत १५० मिलीचे ५ ग्लास. बाटली ८५० ची धरली तर ग्लास १७० ला पडला, हॉटेलात दोन ग्लासांच्या बिलात घरची अख्खी बाटली येते. एकटीच पिणार असाल तर ३७५ मिलीची हाफ बाटली मिळते का विचारा, मिलीमागे महाग पडते पण उरून वाया जाण्यापेक्षा बरी. फिरकीच्या झाकणाची बाटली स्वस्तातली समजून टाळू नका, उलट ओपनर शोधायची कटकट नाही आणि झाकण परत घट्ट बसतं. उघडलेली बाटली, रेडसुद्धा, फ्रिजमध्येच, तीन दिवस बऱ्यापैकी टिकते. चौथ्या दिवशी संत्र्याच्या फोडी, सफरचंद, सोडा घालून सांग्रिया.

तर वहिनी, चेनिन आणा. घरात तिखट कमी खात असाल आणि पिझ्झा-पास्ता जास्त होत असेल तरच शिराझ, आणि पाहुणे दोन्हीकडचे असतील तर एकेक. सध्या आमच्या फ्रिजच्या दारात अर्धी चेनिन उरलीये, उद्या संध्याकाळपर्यंत चालेल, अळूवडी मात्र तुमच्याकडून.