तांबेरा, करपा, केवडा: हवेतल्या रोगाचा अंदाज कुणाकडून घ्यावा?

पिकावर हवेतून येणाऱ्या रोगाचे तीन टप्पे असतात. बीजाणू, म्हणजे रोग पसरवणारे सूक्ष्म कण, सुटले का, आपल्या पिकापर्यंत पोचले का आणि पानावर रुजले का? अंदाजाची प्रत्येक पद्धत यातला एखादाच टप्पा नीट सांगते. म्हणून आधी आपला रोग येतो कुठून, ते बघा.

हवामानाच्या निकषांवर चालणारी पद्धत रुजण्याबद्दल बोलते. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्यासाठी ब्रिटनमध्ये २०१७ पासून हटन निकष वापरतात: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा जास्त आणि दोन्ही दिवशी निदान ६ तास ९० टक्के आर्द्रता. त्याआधीच्या १९५६ च्या स्मिथ निकषाला ११ तास लागत, त्यामुळे कित्येक प्रादुर्भाव निसटायचे. खर्च कमी, उत्तर रोजच्या रोज. पण शिवारात बीजाणू आहेतच असं धरून ही पद्धत चालते, त्यामुळे विनाकारण फवारण्या होतात.

बीजाणू सापळा हवाच तपासतो. १९५२ चा हर्स्ट सापळा मिनिटाला १० लिटर हवा ओढतो; आत चिकट पट्टी तासाला २ मिलिमीटर सरकते. सूक्ष्मदर्शकाखाली ती पट्टी बघताना तांबेऱ्याचे नारिंगी, काटेरी बीजाणू कुठल्या तासाला आले तेही कळतं. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण जे दिसतं तेच ती सांगते. मात्र मोजणारा तरबेज माणूस लागतो आणि निकाल हाती येईपर्यंत लागण होऊन गेलेली असू शकते. डीएनए चाचणीने ओळख पक्की होते, पण मेलेले बीजाणूही मोजले जातात. एकट्या शेतकऱ्याने याच्या फंदात पडू नये, गटाला परवडेल.

वाऱ्याचा माग काढणारं मॉडेल दूरवरून येणाऱ्या रोगासाठी. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याचा यूजी९९ हा प्रकार १९९८ मध्ये युगांडात सापडला, २००६ मध्ये येमेनमध्ये आणि २००७ मध्ये इराणमध्ये. इथिओपियात आता ब्रिटिश हवामान खात्याचं ‘नेम’ मॉडेल आणि शेतातली पाहणी जोडून गव्हाच्या तांबेऱ्याचा आठवडाभर पुढचा इशारा देतात. यात पाहणीचं वजन मोठं आहे: बाधित शेत कुणी कळवलंच नाही, तर मॉडेलला बीजाणू सोडायचे कुठून तेच माहीत नसतं. केवड्याचे बीजाणू नाजूक, कडक उन्हात लवकर मरतात, म्हणून तिथे ढगांचा हिशेबही धरावा लागतो.

करप्यासारखा रोग आसपासच्या जुन्या कंदांतून उठत असेल, तर माझं मत सरळ हवामान निकषांना. तांबेरा दरवर्षी बाहेरून येत असेल, तर प्रादेशिक इशारा घ्या आणि तो आला की स्वतः पानं उलटून बघा. ओलावा मोजणारा सेन्सर बांधावर लावू नका, पिकाच्या दाटीत लावा. वरची पानं वाळल्यावरही खालची बराच वेळ ओली राहतात.