सिक्स-टिश : वेळापत्रकावर चालणारे बिनतारी जाळे, त्याची मानके आणि आमच्या टाक्या

आमच्या पाच इमारतींच्या सोसायटीत पाण्याच्या टाक्यांची पातळी मोजण्यासाठी मी गेल्या वर्षी बॅटरीवर चालणारे बारा नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेली छोटी उपकरणे, बसवले आणि त्यांच्या आपसातल्या संपर्कासाठी आयईटीएफ या इंटरनेटच्या मानकसंस्थेतील ‘सिक्स-टिश’ गटाने लिहिलेली मानके वापरली. या परीक्षणाचा विषय नोड किंवा सेन्सर नसून ती मानके आहेत. त्यांच्या कामाची आखणी कशी झाली, कोणता दस्तऐवज आधी हाती घेतला गेला, कोणता मागे राहिला, आणि त्या क्रमाचा परिणाम गच्चीवर शिडी लावून उभ्या असलेल्या माणसाला कुठे जाणवतो, एवढेच येथे पाहायचे आहे.

कालव्याच्या पाण्याची शेजपाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या जाळ्यामागची कल्पना लगेच समजेल. वेळेचे साधारणपणे १० मिलिसेकंदांचे तुकडे, म्हणजे स्लॉट, पाडलेले असतात. प्रत्येक स्लॉटमध्ये आपण बोलायचे, ऐकायचे की झोपायचे हे नोडला आधीच ठाऊक असते, आणि ज्याची पाळी नाही तो रेडिओ बंद करून स्वस्थ पडतो. शिवाय प्रत्येक पाळीला चॅनेल बदलतो, त्यामुळे एखाद्या चॅनेलवर शेजारच्या वाय-फायचा गोंगाट असला तरी पुढचा प्रयत्न दुसरीकडे होतो. ही पद्धत कॅलिफोर्नियातील डस्ट नेटवर्क्स या कंपनीच्या कामातून पुढे आली, २००७ च्या वायरलेसहार्ट या औद्योगिक मानकात शिरली आणि २०१२ मध्ये आयईईई ८०२.१५.४ई या दुरुस्तीने तिला ‘टीएससीएच’ या नावाने सर्वांसाठी खुली केली. पाळी कशी पाळायची हे त्या दुरुस्तीने काटेकोरपणे सांगितले. पाळीपत्रक कोणी तयार करायचे आणि पाटकरी कोण, हे मात्र मोकळे सोडले. २०१३ मध्ये पास्कल थुबेर आणि तोमा वातेन यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या सिक्स-टिश गटाने नेमकी ही मोकळी जागा भरण्याचे काम अंगावर घेतले, आणि तेही आयपीव्ही-६ चे पत्ते व आरपीएल ही मार्गनिवडीची पद्धत यांना धक्का न लावता.

गटाच्या आखणीतला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला निर्णय म्हणजे आधी अगदी थोडके काहीतरी पूर्ण करणे. मे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८१८० या दस्तऐवजात (आयईटीएफच्या क्रमांकित दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात) वेळापत्रक म्हणून एकच सेल, म्हणजे दर फेरीत परत येणारी एक ठरलेली पाळी, आहे, आणि तोही सर्वांनी वाटून घ्यायचा. एवढ्या मर्यादित सोयीवर मोठे जाळे चालणार नाही हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते. परंतु दोन वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेली फर्मवेअर (नोडमधली सॉफ्टवेअर) एकमेकांशी बोलतात की नाही हे तपासण्यासाठी तेवढा पाया पुरेसा होता, आणि त्या तपासणीचा पहिला मेळावा जुलै २०१५ मध्ये, म्हणजे दस्तऐवज पक्का होण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, प्रागमध्ये भरला. आधी चालवून पाहायचे आणि मग शाई वाळू द्यायची, हा क्रम मानकांच्या जगात वाटतो तितका रूढ नाही.

दुसरा चांगला निर्णय म्हणजे वाटाघाटीची भाषा आणि वाटाघाटीचे धोरण यांची फारकत. आरएफसी ८४८० मधील ‘सिक्स-पी’ हा प्रोटोकॉल दोन शेजाऱ्यांनी आपसात सेल कसा मागावा, द्यावा, हलवावा किंवा काढावा एवढेच ठरवतो. कधी आणि किती सेल मागायचे हे वेगळ्या ‘शेड्यूलिंग फंक्शन’वर सोपवलेले आहे. गटाने स्वतः असे एकच फंक्शन प्रसिद्ध केले, ते आरएफसी ९०३३ मधील ‘एमएसएफ’. दिलेल्या सेलपैकी पाऊणशे टक्क्यांहून अधिक वापरले जात असतील तर एक वाढवायचा, पंचवीस टक्क्यांहून कमी वापरले जात असतील तर एक काढायचा, असा त्याचा साधा हिशेब आहे आणि हा हिशेब शंभर सेल उलटल्यावर केला जातो. वेळापत्रकाची एक फेरी १०१ स्लॉटांची असेल तर एकच सेल असलेल्या नोडला शंभर पाळ्या मोजायला १०१ सेकंद लागतात. म्हणजे गर्दी झाल्यावर पावणेदोन मिनिटांनी तो जागा होतो. मिनिटाला एक वाचन पाठवणाऱ्या आमच्या जाळ्यात गेटवेलगतच्या (जाळ्याला बाहेरच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या उपकरणालगतच्या) नोडवर सगळ्यांचा भार आला तरी मिनिटाला बाराच पॅकेट जातात, आणि एका सेलला मिनिटाला सुमारे ५९ संधी मिळतात, म्हणून आम्हाला ही मंद चाल कधी बोचली नाही. ज्यांना अचानक उसळणारा डेटा वाहून न्यायचा आहे त्यांनी मात्र हा आकडा लक्षात ठेवावा.

एमएसएफ वेळापत्रकाची लांबी १०१ स्लॉट ठेवण्याची शिफारस करते. मला हा आकडा उगाचच अवघड वाटला, आणि एक फेरी बरोबर एका सेकंदाची व्हावी म्हणून मी तो १०० केला. त्यानंतर पंपघराकडचा एक नोड दर संध्याकाळी रडू लागला, आणि त्याचे कारण शोधण्यात माझे दोन रविवार गेले. चॅनेल ठरवण्यासाठी सुरुवातीपासूनच्या स्लॉटच्या क्रमांकात सेलचा चॅनेल-ऑफसेट, म्हणजे त्या सेलला नेमून दिलेला आकडा, मिळवून त्या बेरजेला १६ ने भागतात आणि उरलेली बाकी पाहतात. वेळापत्रक १०० स्लॉटांचे असेल तर एकाच सेलची बाकी दर फेरीत चारने सरकते, म्हणजे १६ पैकी चारच चॅनेल त्याच्या वाट्याला येतात आणि तो त्यांच्यातच फिरत राहतो. पंपघराच्या सेलला मिळालेल्या चारपैकी तीन चॅनेल घराघरांतल्या वाय-फायखाली दबलेले होते. १०१ ही मूळ संख्या असल्यामुळे तोच सेल सोळाही चॅनेल फिरून येतो. चूक सर्वस्वी माझी होती, पण ही शिफारस आकड्यापाशीच थांबण्याऐवजी तिच्यामागचे कारण ठळकपणे शेजारी छापलेले असते तर माझे दोन रविवार वाचले असते.

आता आखणीच्या क्रमाविषयी खरी तक्रार. गटाने आधी डेटा वाहण्याची सोय केली आणि नव्या नोडला जाळ्यात घेण्याची सुरक्षित पद्धत शेवटी लिहिली. बसवणाऱ्याच्या दिवसात मात्र रुजू होणे हेच पहिले काम असते. आरएफसी ८१८० मध्ये बीकनची, म्हणजे जाळ्याची ओळख आणि वेळ कळवण्यासाठी नोड अधूनमधून पाठवतात त्या संदेशाची, सत्यता तपासण्यासाठी जी किल्ली सुचवली आहे ती ‘सिक्स-टिश मिनिमल १५’ या शब्दांचीच अक्षरे आहेत आणि ती दस्तऐवजात उघड छापलेली आहे. तिचा हेतू आपले जाळे ओळखण्यापुरता आहे, हे वाचणाऱ्याला कळते. पण घाईत काम उरकणारा माणूस तीच किल्ली डेटासाठीही वापरून मोकळा होतो. रुजू होण्याचा नीट प्रोटोकॉल, ‘कोजेपी’, मे २०२१ मध्ये आरएफसी ९०३१ म्हणून आला, आणि तो आला तेव्हा उत्तम आला: नवा नोड शेजाऱ्यामार्फत एकच विनंती पाठवतो, ती ऑस्कोअर या संदेश सुरक्षित करण्याच्या पद्धतीने झाकलेली असते, आणि एका उत्तरात त्याला जाळ्याच्या किल्ल्या व छोटा पत्ता मिळतो. प्रत्येक नोडमध्ये त्याची स्वतःची गुप्त किल्ली आधी भरून ठेवावी लागते, हे बारा नोडांना चालते. बारा हजारांना ते कंटाळवाणे होईल.

याच टप्प्यावर बॅटरीचेही दुखणे आहे. रुजू झालेला नोड रिकाम्या सेलमध्ये २.२ मिलिसेकंद ऐकून झोपतो, म्हणजे १०१ स्लॉटांत एकच ऐकण्याचा सेल असेल तर रेडिओ एकूण वेळेच्या जेमतेम ०.२२ टक्के चालू राहतो. हा आकडा खरोखर देखणा आहे आणि या मानकांकडे वळण्याचे मुख्य कारणही तेच आहे. परंतु अजून रुजू न झालेल्या नोडला वेळ ठाऊक नसते. तो एका चॅनेलवर कान लावून सलग जागा राहतो, आणि बीकन मात्र सोळा चॅनेलांवर फिरत असतो. एकच शेजारी दर दहा सेकंदांनी बीकन देत असेल तर गाठ पडायला सरासरी १६० सेकंद लागतात, आणि तेवढ्या जागरणात सुमारे वीस तासांच्या रिकाम्या ऐकण्याइतका रेडिओ खर्च होतो. एखादा नोड दिवसातून दोनदा जाळ्यातून निसटू लागला तर त्याची बॅटरी कुठे जाते हे वेगळे सांगायला नको.

आमचे गच्चीवरचे दोन नोड मे महिन्यात असेच निसटू लागले. घड्याळासाठी वापरला जाणारा ३२ किलोहर्ट्झचा साधा क्रिस्टल २५ अंशांपासून जितका दूर जातो त्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात मंद होतो. ६० अंश तापलेल्या डब्यात तो सुमारे ४२ पीपीएम (दहा लाखांत ४२ भाग) मागे पडतो, तर सावलीतल्या पंपघरात जवळजवळ बरोबर चालतो. दोघांत दर सेकंदाला ४० मायक्रोसेकंदांहून अधिक अंतर पडते आणि ऐकण्याच्या खिडकीत दोन्ही बाजूंना १,१०० मायक्रोसेकंदांचीच मुभा असते, म्हणजे सुमारे २६ सेकंद एकमेकांशी बोलणे झाले नाही की शेजारी एकमेकांना हरवतात. मी वीज वाचवण्यासाठी ‘कीप-अलाइव्ह’, म्हणजे डेटा नसतानाही घड्याळे जुळवत ठेवणारा छोटा संदेश, ३० सेकंदांवर नेला होता. तो १२ वर आणल्यावर प्रश्न मिटला. ज्या विक्रेत्याकडून बोर्ड घेतले त्याच्या माहितीपत्रकात क्रिस्टलचा फक्त २५ अंशांवरचा आकडा होता, आणि तापमानाचा आलेख मागितल्यावर त्याने मला तेच माहितीपत्रक पुन्हा पाठवले.

गटाच्या मूळ स्वप्नातला एक मोठा भाग मागे राहिला. मध्यवर्ती संगणकाने संपूर्ण जाळ्याचे पाळीपत्रक आखायचे आणि टोकापासून टोकापर्यंत ‘ट्रॅक’, म्हणजे सेलांची सलग साखळी, राखून ठेवायचा, ही कल्पना आरएफसी ९०३० या स्थापत्याच्या दस्तऐवजात सविस्तर आहे. ती राबवणारा प्रोटोकॉल मात्र गटाने दिला नाही. मला हे योग्य वाटते. कारखान्यातल्या झडपा वेळेवर बंद करणाऱ्यांना ट्रॅक हवेच असतात, पण त्यांच्यासाठी थांबले असते तर बाकीच्यांच्या हाती आणखी काही वर्षे काहीच पडले नसते. स्थापत्याचा हा दस्तऐवजही मे २०२१ मध्येच, म्हणजे काम सुरू झाल्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी बाहेर आला. घर बांधून झाल्यावर नकाशा मंजूर व्हावा तसा. तो सुरुवातीला वाचू नये. आधी आरएफसी ७५५४ मधील प्रश्नाची मांडणी, मग ८१८०, मग ९०३३ आणि ९०३१ असे वाचल्यास काम होते.

नोड एका जागी बसणारे असतील, डेटा थोडा आणि नियमित असेल, आणि बॅटरी बदलण्यासाठी शिडी लावावी लागत असेल, तर ही मानके मी निःसंकोच सुचवेन. फिरत्या वस्तूंवर नोड लावायचे असतील तर सुचवणार नाही, कारण त्यांचा वेळ रुजू होण्यातच जाईल. आमच्याकडे तेरावा नोड पुढच्या महिन्यात जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाखाली बसणार आहे. त्याला मी त्याची किल्ली आजच भरून ठेवली आहे, आणि तो बसवण्याच्या दिवशी शेजारच्या नोडचा बीकन तात्पुरता दोन सेकंदांवर आणणार आहे. सरासरीचा हिशेब मग अर्ध्या मिनिटावर येतो.