डाव्या इंजिनाचा पंप: रिपॉवरनंतरचे चौदा महिने

बोटीची जुनी इंजिनं काढून नवी बसवली (यालाच रिपॉवर म्हणतात), तेव्हा पाचशे तास होईपर्यंत काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आत्ता मीटर ३६० वर आहे. पण गेल्या आठवड्यात किनाऱ्यापासून बावीस मैलांवर मी दोन इंजिनांच्या मधल्या फळीवर पोटावर आडवा पडलो होतो, डाव्या इंजिनावरून खांद्यापर्यंत हात पलीकडे घातला होता आणि न दिसणारे बोल्ट नुसत्या स्पर्शाने मोजत होतो. राग थंड व्हायच्या आत लिहून टाकतो.

बोट ३२ फुटी, १९८०च्या दशकातली, डीप-व्ही म्हणजे खोल व्ही आकाराचा तळ, फ्लायब्रिज म्हणजे केबिनच्या वर बसून चालवायची जागा, दोन इंजिनांना दोन शाफ्ट. आधी दोन व्ही-८ डिझेल इंजिनं होती. आता इनलाइन सहा सिलिंडरची, टर्बो, आफ्टरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), कॉमन रेल (संगणकाच्या ताब्यातली जास्त दाबाची इंधन नळी), प्रत्येकी ३८० अश्वशक्ती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की लोक तक्रार वाचत नाहीत, बाजू घेतात.

जुनं उजवं इंजिन गेलं ते एक्झॉस्ट रायझरमुळे, म्हणजे धूर आणि थंड करणारं पाणी जिथे एकत्र होतात त्या उंच नळीमुळे. बाहेरून रंग चकचकीत, आतून गंजून जाळी. रात्रभर त्यातून खारं पाणी उलटं सिलिंडरमध्ये झिरपलं आणि सकाळी स्टार्टर दिल्यावर ‘ठक्’ एवढाच आवाज आला. पाणी काही दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ब्लॉकला लायनर (बदलता येणारी सिलिंडरची आतली नळी) नव्हते, म्हणजे बोअर करा, मोठे पिस्टन घाला, आणि एवढं करून डावं इंजिन तेवढंच म्हातारं. एकच नवं घ्यावं असा विचार माझ्या कंजूष मनात आठवडाभर घोळत होता, हे कबूल करतो. दोन वेगळ्या स्वभावाची इंजिनं, दोन वेगळे गिअर, दोन वेगळे पंखे (प्रोपेलर) आणि त्यांना एका वेगात ठेवायची रोजची कसरत, हे डोळ्यांपुढे आणल्यावर तो विचार सोडला.

निवड करताना मी सगळे करतात तीच चूक केली. अश्वशक्तीचे तक्ते मांडले. पाणरेषेची लांबी २८ फूट धरली तर बोट तरंगत तरंगत जास्तीत जास्त सात नॉट जाणार. त्यापुढे तिला पाण्यावर उचलायचं तर वजन आणि ताकद यांचा सरळ सौदा. जुनी इंजिनं ३२० ची होती, तेव्हा ३८० पुरे. माहितीपत्रकांतल्या इंधन बचतीच्या गोष्टींवर फार जाऊ नका. चांगलं डिझेल इंजिन तासाला एक लिटर जाळून साधारण पाच अश्वशक्ती देतं, मग कंपनी कुठलीही असो. बावीस नॉटला जेवढी ताकद लागते तेवढी लागतेच. फरक पडला तो वजनामुळे. दोन्ही मिळून जवळजवळ पाचशे किलो कमी झाले आणि बोट प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उचलून घसरायला, लवकर येऊ लागली.

एक गोष्ट मात्र बारीक अक्षरात असते, ती वाचा: रेटिंग. आमच्यासारख्या हौशी बोटींना मिळणारं ३८० म्हणजे पूर्ण थ्रॉटल आठ तासांत एक तास, वर्षाला जास्तीत जास्त पाचशे तास. रोज धंद्याला जाणाऱ्या बोटीला तोच ब्लॉक बऱ्याच कमी ताकदीला विकतात. ज्यांचे तास जास्त होतात त्यांनी कमी रेटिंगचं इंजिन घ्यावं आणि सुखात राहावं.

मला खरं तर इंधनाच्या मेकॅनिकल पंपाचं, संगणक नसलेलं इंजिन हवं होतं. समुद्रात संगणक बिघडला तर काय करायचं, हा प्रश्न मी विक्रेत्याला इतक्यांदा विचारला की शेवटी तो माझा फोन उचलेना. पहिल्या तीन महिन्यांत मीच बरोबर होतो असं वाटत होतं. सुरू करताना अलार्म, मध्येच ताकद कमी, पडद्यावर कोड. तीन वेळा माणूस आला. तिसऱ्या वेळी कळलं की एक अर्थची वायर जुन्या गंजलेल्या बसबारला (तारा एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीला) जोडली होती. व्होल्टेज पडलं की कंट्रोलर घाबरायचा. ती बसबार वाचवायचा आग्रह माझाच होता. चांगली तर आहे, कशाला बदलायची, असं मीच म्हणालो होतो. वायर थेट बॅटरीला गेली आणि त्यानंतर आजवर एकही कोड आलेला नाही. तेव्हा मेकॅनिकलबद्दलचं माझं मत मी मागे घेतो. अट एकच, जुन्या टाक्या आधी साफ करा. आतल्या कॉमन रेलला १,६०० बारच्या पुढचा दाब असतो, तिथे चाळीस वर्षांचा गाळ चालत नाही. मी आधी दहा मायक्रॉन, मग दोन मायक्रॉन असे फिल्टर लावून काम भागवायला गेलो. पहिल्या चाळीस तासांत पाच एलिमेंट काळे पडले, शेवटी टाक्या उघडाव्याच लागल्या.

आता भांडणाची गोष्ट. पंख्यांचं माप बसवणाऱ्यांनी काढलं, ट्रायल झाली, पूर्ण थ्रॉटलला ३,०२० आरपीएम; इंजिनाचं रेटिंग ३,०००. सगळे खूश. पण ट्रायलला टाक्या पाव भरलेल्या आणि बोटीवर तिघं. महिनाभराने भरल्या टाक्या, सहा माणसं, बर्फ, जिवंत आमिषाची टाकी एवढं घेऊन थ्रॉटल दाबला तर २,८४० च्या पुढे काटा जाईना, लोड १०० टक्के आणि मागे काळा धूर. याचा अर्थ इंजिन कायम चढावर ओझं ओढतंय. डिझेल अकाली मरतात ती बहुतेक अशीच. बसवणारे म्हणाले, कागदावर ३,०२० आहे. मी म्हणालो, कागद घेऊन मासेमारीला जात नाही मी. दोन महिने हेच चाललं. शेवटी दोन्ही पंख्यांची पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकतो ते माप) दोन इंचांनी कमी केली, भरल्या बोटीला ३,०३० मिळाले, आणि पैसे मी भरले. ट्रायल भरल्या बोटीचीच घ्यायला लावा, नाहीतर सही करू नका. वॉरंटीच्या वेळी तोच कागद पुढे येतो.

एवढं झाल्यावर कौतुकही करतो, कारण ते खरं आहे. साडेसात नॉटवर दिवसभर ट्रोलिंग (मागे गळ ओढत मासेमारी) करताना मागच्या कॉकपिटमध्ये धूर येत नाही. जुन्या इंजिनांबरोबर वारा पाठीमागून असला की सगळा धूर आत यायचा, संध्याकाळपर्यंत डोकं जड. आता रीळ सुटल्याचा आवाज फ्लायब्रिजवरून ऐकू येतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी इंजिन बंद पडलं समजून खाली धावलो होतो.

आणि आता तो पंप.

दोन्ही इंजिनं अगदी सारखी आहेत. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा पंप दोन्हींच्या डाव्या अंगाला. उजव्या इंजिनाचा पंप त्यामुळे मधल्या वाटेवर, गुडघे टेकले की समोर. इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाक, बदलायला बारा मिनिटं. डाव्या इंजिनाचा पंप बोटीच्या भिंतीकडे, चार बोटं जागा सोडून. दोन शाफ्टच्या बोटीत हे कुठल्या ना कुठल्या भागाचं होणारच हे मला कळतं. कुठे डिपस्टिक, कुठे फिल्टर. तेलाचा फिल्टर लांब होजवर बाहेर काढून बसवता येतो. पंप इंजिनाच्याच दातेरी चाकावर चालतो, तो हलत नाही. आणि नेमका तोच असा भाग, जो घरी नाही, समुद्रात बिघडतो.

१९३८ मध्ये आलेलं डेट्रॉइट डिझेलचं ६-७१ आठवा. टू-स्ट्रोक, सिलिंडरमागे ७१ घन इंच, आवाज असा की शेजारच्या माणसाला खुणा कराव्या लागतात, तेल गळणं तर स्वभावच. पण त्याचा ब्लॉक दोन्ही अंगांनी सारखा होता. ब्लोअर, मॅनिफोल्ड, स्टार्टर कुठल्या बाजूला हवा आणि इंजिन कुठल्या दिशेने फिरायला हवं, यावरून त्याच्या आठ मांडण्या मिळायच्या. एका बोटीत आरशातल्यासारखी जोडी बसवता यायची. आज उलट फिरवायचं काम गिअरबॉक्स करतो, कारखाना एकाच साच्यातलं इंजिन देतो, आणि उरलेली कसरत माझ्या खांद्याला.

त्या दिवशी पाण्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी अडकली. एक्झॉस्टच्या होजवर मी स्वतः लावलेला तापमानाचा अलार्म वाजला. कूलंटचा काटा तेव्हा अजून जागचा हललाही नव्हता. (हा अलार्म कारखान्याकडून आला नव्हता. आधी लावा, बाकी खर्च नंतर करा.) पिशवी काढली, पण तोवर पंप कोरडा फिरला होता. झाकणाचे सहा बोल्ट, त्यातला एक बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगटात). नवा इम्पेलर ग्लिसरीन लावून, पाती योग्य दिशेने दुमडून आत सरकवायचा, तोही न बघता. एक तास पन्नास मिनिटं. जुन्याच्या बारापैकी चार पाती गायब होती. तुकडे पुढे कुठेतरी अडकतातच. तीन गिअर ऑइलच्या कूलरच्या तोंडाशी मिळाले. चौथा मिळाला नाही, म्हणून डावं इंजिन १,२०० च्या वर नेलं की तापत होतं. बावीस मैल सात नॉटने परत. चौथा तुकडा धक्क्याला लागल्यावर आफ्टरकूलरच्या मुखाशी सापडला, नखाएवढा.

बसवणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, मॅन्युअलप्रमाणे सर्व्हिसची जागा पुरेशी आहे. मॅन्युअलमधल्या चित्रात इंजिन एकटं उभं आहे, आजूबाजूला बोटच नाही.

इंजिन ठरवण्याआधी मी पुठ्ठ्याचा सांगाडा करून इंजिन रूममध्ये ठेवला होता. लांबी, रुंदी, झाकणाची उंची, सगळं तपासलं. पुठ्ठ्यावर पंप काढला नव्हता. तुम्ही करणार असाल तर पंप, दोन्ही फिल्टर, डिपस्टिक आणि झिंकचे प्लग (खाऱ्या पाण्यात आधी स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे) खऱ्या जागी काढा आणि मग प्रत्येकापर्यंत पाना घेऊन हात पोचतो का ते बघा. अर्धा दिवस जाईल.

हेच इंजिन परत घेईन का? घेईन. गेल्या आठवड्यात तोंडातून वेगळं निघालं होतं. पुढच्या महिन्यात केबिनमधल्या डाव्या सोफ्याखालच्या कपाटाचा तळ कापून तिथे झाकण बसवतोय. पंप बरोबर त्याच्या खाली येतो, मोजून पाहिलंय. त्या कपाटात माझी रिळं असतात. त्यांची दुसरी सोय अजून सुचलेली नाही.