मिस्टर कलरचे ब्रिटिश ग्रे आणि आपल्या नौदलाचं सी हॅरियर

भारतीय नौदलाच्या सी हॅरियर या लढाऊ विमानाचं छोटं मॉडेल करायला घेतलं असेल तर आधी सरळ सांगतो, मिस्टर कलर या मॉडेलच्या रंगांच्या ब्रँडची ३३० पासून पुढची ब्रिटिश रंगांची सीरीज घ्या, ग्रेचा प्रश्न तिथेच मिटतो. राउंडेलचा, म्हणजे विमानावरच्या देशाच्या गोल खुणेचा, मात्र मिटत नाही. तो कुठल्याही बाटलीत किंवा डिकॅल शीटवर (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांचा कागद) नीट मिटलेला मला अजून दिसलेला नाहीये, म्हणून हा रिव्ह्यू निम्मा रंगांचा आणि निम्मा त्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळांचा आहे.

ब्रिटिश रंग का, तर आपलं एफआरएस ५१ (सी हॅरियरचा भारतीय प्रकार) ब्रिटनमध्येच बनलं, १९८३ मध्ये गोव्याला हंसा तळावर यायला लागलं आणि येताना तिथल्या नौदलाचेच रंग अंगावर घेऊन आलं, म्हणजे वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे आणि पोटाला पांढरा. ३०० स्क्वाड्रन, व्हाइट टायगर्स. आधी विक्रांत, मग १९८७ पासून विराट या विमानवाहू नौकांवर, आणि २०१६ ला निवृत्ती. एवढ्या वर्षांत विमानांचे रंग बदलले, नंतरच्या फोटोंमध्ये पांढरं पोट जाऊन सगळं राखाडीच दिसतं, वरून जरा गडद आणि खाली फिकट. त्यामुळे 'सी हॅरियरचा रंग कुठला' हा प्रश्नच अपुरा आहे, कुठल्या सालचं आणि कुठल्या नंबरचं विमान ते आधी ठरवा, त्याच विमानाचा फोटो शोधा आणि मगच बाटलीचं झाकण उघडा.

आता रंग. मिस्टर कलरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लेबलवर ब्रिटिश स्टँडर्डचा नंबर छापलेला असतो. ३३१ म्हणजे डार्क सी ग्रे, बीएस ३८१सी या ब्रिटिश रंग-स्टँडर्डमधला ६३८. ३३३ म्हणजे एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, ६४०. ३३५ मीडियम सी ग्रे, ६३७. ३३४ बार्ली ग्रे. हे नंबर लक्षात ठेवाच, कारण नावं इतकी सारखी आहेत की दुकानात फोनवर "डार्क सी ग्रे द्या" म्हटलं की ३३१ येतो, आणि १९८३ च्या हॅरियरला लागतो ३३३, दोन्हींत चांगलाच फरक आहे. ६४० मध्ये एक निळसर खोली आहे, नुसता काळ्यात पांढरा मिसळून केलेला राखाडी त्याच्या शेजारी मळकट दिसतो. ही निळसर छटा मिस्टर कलरने फार छान पकडलीये. अमेरिकन विमानांसाठीही याच ब्रँडचे एफएस (अमेरिकेचं फेडरल स्टँडर्ड) नंबरवाले रंग आहेत, ३०७ म्हणजे ३६३२० आणि ३०८ म्हणजे ३६३७५, आणि त्या नंबरांची गंमत अशी की पहिला आकडा चमक सांगतो, १ ग्लॉसी, २ सेमीग्लॉस, ३ मॅट, आणि दुसरा आकडा रंगाचं कुटुंब, ६ म्हणजे ग्रे. ब्रिटिश नंबरांत चमक कळत नाही, ती फोटोत बघूनच ठरवावी लागते.

आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंडस्ट्रियल पेंट विकणाऱ्या दुकानात आयएस ५ या भारतीय रंग-स्टँडर्डचं शेड कार्ड असतं, त्यात ६३२ हा डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे आहे आणि बीएस ३८१सी मध्येही ६३२ तोच आहे, ३५६ गोल्डन यलो, ५३७ सिग्नल रेड हेही दोन्हीकडे तसेच. म्हणजे पुण्या-मुंबईत बसून ब्रिटिश रंगांचा निदान अंदाज घ्यायला एक छापील कार्ड हाताशी आहे, मोबाईलच्या स्क्रीनवर रंग जुळवत बसण्यापेक्षा ते हजारपट बरं. स्क्रीनवर रंग जुळवूच नका, प्रत्येक फोनवर वेगळा दिसतो.

बाटलीतला रंग बरोबर असला तरी मॉडेलवर तो थेट मारायचा की नाही यावर वाद आहेत आणि माझं मत स्पष्ट आहे, १/७२ स्केलला, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलला, थेट मारू नका. खरं विमान आपण लांबून बघतो, मधल्या हवेमुळे रंग फिका होतो, आणि मॉडेल मात्र हातभर अंतरावरून बघतो. ३३३ जसाच्या तसा मारला तर छोट्या मॉडेलवर जवळपास काळा दिसतो आणि पॅनेल लाइन्स (पत्र्यांच्या जोडांच्या रेघा) त्यात बुडून जातात. मॉडेलवाल्यांमध्ये ढोबळ हिशेब चालतो तो १/७२ ला साधारण १५ टक्के पांढरा, १/४८ ला १० टक्के, पण पांढऱ्याऐवजी मी ३३५ मिसळतो, तोही ब्रिटिश ग्रेच असल्यामुळे निळसरपणा टिकतो, पांढऱ्याने रंग खडूसारखा होतो. शेवटी मॅट कोट मारायचा असेल तर तोही गडद रंगाला अजून थोडा उजळ करतो, तेव्हा आधीच जास्त फिका करून ठेवू नका. आणि मिसळलेला रंग दिवसाच्या उजेडात खिडकीशी बघा, ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन ग्रे उन्हात चक्क वेगळे निघतात.

मारायला हा रंग सुंदर आहे, पण एअरब्रशनेच. लॅकर असल्याने ब्रशने दुसरा हात द्यायला गेलं की खालचा थर उचलला जातो. त्यांचाच लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात रंग सावकाश वाळवणारं रिटार्डर असतं, त्यामुळे थर एकसारखा बसतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तर हा थिनर हवाच, दमट हवेत लॅकर पटकन वाळला की वर पांढुरकी धुरी धरते आणि गडद ग्रेवर ती लगेच दिसते. वास मात्र उग्र आहे, बंद खोलीत अजिबात मारू नका, सॉल्व्हंटसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क घाला, कापडी मास्कचा इथे काही उपयोग नाही. घरात लहान मूल असेल तर याच ब्रँडचे एच अक्षराचे अ‍ॅक्वियस (पाण्यात मिसळणारे) रंग बघा, एच ३३३ मिळतो, वास बराच कमी.

आता राउंडेल, आणि इथे मी जरा हट्टी आहे. ग्रे थोडा इकडेतिकडे झाला तर चालून जाईल, खरी विमानंही उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने फिकी पडतातच, पण बाहेर केशरी, मग पांढरं, मधे हिरवा हा आपला राउंडेल चुकीच्या केशरीत दिसला की मॉडेल कितीही चांगलं असो, आपल्या माणसाची नजर तिथेच अडते. बाजारातली एक शीट मी वापरली, नाव घेत नाही, त्यातला केशरी पत्र्याच्या डब्यातल्या ऑरेंज गोळीसारखा होता आणि वर्तुळं एकमेकांवर नीट बसलेली नव्हती, पांढऱ्याची कड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब. शिवाय डिकॅलची शाई पातळ असते, खाली पांढऱ्याचा भक्कम थर छापलेला नसेल तर एक्स्ट्रा डार्क सी ग्रेवर केशरी विटकरी होतो आणि हिरवा तर काळाच. शीट घेण्याआधी दुकानदाराकडून जवळून काढलेला फोटो मागवा, कड बघा, केशरी बघा, आणि शंका आली तर राउंडेल सोडून बाकीचे आकडे-अक्षरं तेवढी वापरा.

राउंडेल मी मास्क लावून रंगवतो, आणि ग्रेच्या आधी. गडद रंगावर पांढरा चढवायला थरावर थर लागतात, त्यापेक्षा आधी त्या जागी पांढरा मारायचा, तो पूर्ण वाळला की सर्कल कटरने कापलेली टेपची गोल चकती मधे लावून भोवती केशरी, मग चकती काढून पांढरा आणि केशरी झाकून मधलं हिरवं, आणि शेवटी अख्ख्या राउंडेलवर बाहेरच्या मापाची चकती चिकटवून वरून ग्रे. तीनही चकत्यांचा मध्यबिंदू एकच राहिला पाहिजे, म्हणून कटरच्या टोकाचं भोक टेपवर राहू द्या आणि पांढऱ्यावर पेन्सिलीचा बारीक ठिपका ठेवा, तो हिरव्याखाली झाकला जातो. केशरीसाठी ५९ नंबर ऑरेंजमध्ये ४ नंबर यलो थोडा थोडा घालत जा, अगदी किंचित पांढरा. लाल घालू नका, लालसर झाला की तो केशरी राहत नाही. हिरव्यासाठी ६ नंबर ग्रीन एकटा फार भडक आहे, त्यात ३३० चा डार्क ग्रीन मिसळा. राष्ट्रध्वजाच्या कापडासाठी आयएस १ या भारतीय स्टँडर्डमध्ये रंग ठरवून दिलेत पण विमानावरचा रंग म्हणजे खादी नव्हे, दिशा ध्वजाची ठेवा आणि गडद-फिका किती ते त्या सालच्या फोटोवरून घ्या.

फोटोंबद्दलही सांगायला हवं. ऐंशीच्या दशकातल्या रंगीत प्रिंट्सचे रंग आता उडालेत, त्यातला केशरी गुलाबी दिसतो, तो खरा मानू नका, त्याच फोटोत पांढरं काय दिसतंय ते बघून हिशेब करा. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचं एव्हिएशन म्युझियम आहे, तिथे सी हॅरियर आणि त्याआधीचं सी हॉक दोन्ही बघायला मिळतात, जरूर जा, आकार, पॅनेल, चाकांच्या खाचा, सगळ्याचे फोटो काढा. पण उघड्यावर समुद्राच्या हवेत उभं असलेलं कुठलंही विमान पुन्हा पुन्हा रंगवावंच लागतं, तेव्हा शेडसाठी ते प्रमाण धरू नका.

बाकी डिकॅल लावताना नेहमीचंच, आधी ग्लॉस कोट, मी जीएक्स १०० सुपर क्लिअर मारतो, मग मार्क सेटर (डिकॅल चिकटवणारं द्रव) आणि वरून मार्क सॉफ्टर (डिकॅल मऊ करणारं), म्हणजे खाली हवा अडकून चंदेरी डाग येत नाहीत. पुढेमागे हवाई दलाचं मालवाहू विमान करणार असाल तर 'भारतीय वायु सेना' ही देवनागरी अक्षरं भिंगाने तपासून घ्या, शिरोरेषा तुटलेली किंवा 'यु'चा उकार सुटून भलतीकडे गेलेला मी पाहिलाय, आणि अक्षरं न वाचता येणाऱ्या माणसाने शीट बनवली की असंच होतं.

घेताना परदेशातून मागवायच्या फंदात पडू नका, हे रंग ज्वलनशील असल्याने विमानाने पाठवण्यावर बंधनं आहेत, भारतातली हॉबी दुकानं आणतात त्यांच्याकडूनच घ्या. बाटली फक्त १० मिलीची असते, म्हणून ३३३ दोन घ्या. ३३५ आणि ३३० एकेक पुरतात, थिनरची मात्र मोठी बाटलीच घ्या.