गेमक्यूब–गेमबॉय लिंक केबल: मे ते दिवाळी वापरल्यानंतर

ही केबल एकट्याने खेळणाऱ्यासाठी नाही, हे आधीच सांगतो. पण घरात माणसं असतील, सुट्टीत भावंडं जमत असतील, तर जुन्या गेमिंगमधली इतका आनंद देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. देवगडजवळच्या आमच्या घरी ती मे महिन्यात, आंबे संपत आले होते तेव्हा आली. मग पाऊस झाला, गणपती झाले, दिवाळी झाली. आता खात्रीने लिहिता येईल.

गेमक्यूब हा निन्टेन्डो कंपनीचा 2001 चा, टीव्हीला जोडून खेळायचा घरगुती गेम कन्सोल, आणि त्याच वर्षीचा गेमबॉय अ‍ॅडव्हान्स हा हातातला. केबलचं एक टोक कन्सोलच्या कंट्रोलरच्या जागी बसतं, दुसरं गेमबॉयच्या वरच्या लिंक पोर्टात. गेमबॉयमध्ये गेमचं कार्ट्रिज घालायची गरज बहुतेक वेळा नसते. कन्सोल स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम गेमबॉयच्या 256 केबी मेमरीत पाठवतो, आणि गेमबॉय एकाच वेळी कंट्रोलरही होतो आणि खासगी पडदाही. टीव्ही सगळ्यांचा, हातातला पडदा फक्त तुमचा. सगळी गंमत या एका गोष्टीत आहे.

ती सर्वात जास्त कळली ‘फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स’मध्ये. यात सगळीकडे विषारी धुकं पसरलेलं असतं आणि एका कलशाभोवतीच्या वर्तुळातच जीव सुरक्षित राहतो. तो कलश कोणीतरी उचलून चालायचं, आणि उचलणाऱ्याला लढता येत नाही. दोघं असोत की चौघं, प्रत्येकाला स्वतंत्र गेमबॉय लागतोच, साधा कंट्रोलर चालत नाही. खरेदीच्या वेळी ही अट जाचक वाटते, पण खेळायला बसलं की तिचं कारण पटतं. एकाच्या पडद्यावर त्या जागेचा नकाशा दिसतो, दुसऱ्याच्या पडद्यावर राक्षस कुठे आहेत ते, तिसऱ्याच्या पडद्यावर खजिन्याच्या पेट्या. म्हणजे बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. शिवाय प्रत्येकाला एक गुप्त अट मिळते, ती पाळली की गुण वाढतात, आणि ज्याचे गुण जास्त तो शेवटी बक्षीस आधी निवडतो. त्यामुळे चौघं एकमेकांना वाचवतातही आणि एकमेकांवर नजरही ठेवतात.

गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले, तेव्हा आरती झाली की मुलं प्रसाद हातात घेऊनच माजघरात टीव्हीसमोर बसायची. माझी आतेबहीण आठवीत आहे, एरवी फारशी बोलत नाही. तिच्या पडद्यावर राक्षसांच्या जागा आल्या आणि ती पूर्ण घराला हुकूम सोडायला लागली, “डावीकडे नको, दोन आहेत! दादा, कलश खाली ठेव, आधी मार!” आजीला खेळातलं काही कळत नाही, पण पडवीतून तिचा प्रश्न ठरलेला, “कलश कोणाकडे आसा रे?” आणि खरोखर खेळात तोच प्रश्न सर्वात महत्त्वाचा असतो.

आणखी एक बारीक गोष्ट फार आवडली. हत्यार बदलायचं, मंत्र निवडायचे, हे सगळं आपापल्या गेमबॉयवर होतं. कोणी मेनूत शिरलं म्हणून टीव्हीवरचा खेळ थांबत नाही. मात्र तेवढा वेळ तुमचा गडी बिचारा तसाच उभा असतो, त्याला बाकीच्यांनी सांभाळायचं.

‘फोर स्वोर्ड्स अ‍ॅडव्हेंचर्स’ (2004) हा याचा खोडकर भाऊ. लिंक हे इथे नायकाचं नाव; असे चार लिंक टीव्हीवर सोबत फिरतात. एखादा गुहेत किंवा घरात शिरला की टीव्हीवरून नाहीसा होऊन त्याच्या हातातल्या पडद्यावर येतो. तिथे त्याला काय सापडलं ते त्यालाच ठाऊक. इथे भांडणं होतात, आणि ती व्हायलाच हवीत. एकट्याने हाच गेम केबलशिवाय साध्या कंट्रोलरवर खेळता येतो.

‘विंड वेकर’मध्ये दुसरा माणूस गेमबॉयवरून टिंगल नावाचं पात्र होऊन मदत करतो. लहान भावंडाला गुंतवायला छान, पण मोठ्याला तासाभरात कंटाळा येतो. ‘मेट्रॉइड प्राइम’ला मात्र ‘मेट्रॉइड फ्यूजन’ या गेमबॉयवरच्या गेमचं कार्ट्रिज लागतं. ‘फ्यूजन’ पूर्ण करून जोडलं की 1986 चा मूळ ‘मेट्रॉइड’ खुला होतो. बक्षीस उत्तम, पण एकदा मिळालं की केबलचं काम संपलं.

आता कोकणातल्या हवेबद्दल. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा या दोन्ही गोष्टी पितळ-तांब्याच्या शत्रू. ऑगस्टमध्ये एका केबलच्या टोकावर हिरवट थर दिसायला लागला आणि खेळताना मधूनच संपर्क तुटायचा. कानकाडीला 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसल्या, गेमबॉयचं पोर्टही पुसलं, नीट वाळू दिलं, आणि त्रास थांबला. तेव्हापासून सगळ्या केबल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. पुड्या मध्ये मध्ये तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्याव्या लागतात.

लाईट जाण्याचा प्रश्न मोठा आहे. गेमबॉय बॅटरीवर चालू राहतो, पण कन्सोल बंद झाला की चालू डाव गेला. गेमक्यूबच्या अडॅप्टरवर 12 व्होल्ट, 3.25 अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे जास्तीत जास्त 39 वॅट. घरच्या साध्या इन्व्हर्टरला टीव्हीसकट हे सहज झेपतं. आम्ही दोन्ही त्यावरच घेतले आणि जून-जुलै निर्धास्त गेले.

आमचा कन्सोल काकांनी मस्कतहून आणलेला, म्हणून 230 व्होल्टवर थेट चालतो. अमेरिकेतल्या कन्सोलचा अडॅप्टर 120 व्होल्टचा असतो. तो आपल्या प्लगमध्ये थेट लावू नका, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. डिस्कवरही प्रदेशाचं बंधन आहे, म्हणजे एका प्रदेशाची डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या कन्सोलवर चालत नाही; गेमबॉयच्या कार्ट्रिजवर हे बंधन नाही. गेमक्यूब मिळत नसेल तर निन्टेन्डोच्या त्यानंतरच्या कन्सोलचं, म्हणजे वीचं (Wii), पहिलं मॉडेल बघा. त्याच्या वरच्या झाकणाखाली गेमक्यूबच्या कंट्रोलरची चार पोर्ट असतात आणि तिथे ही केबल चालते. 2011 नंतरच्या वीमध्ये ती काढून टाकली आहेत.

केबल शक्यतो निन्टेन्डोचीच घ्या, मॉडेल क्रमांक डीओएल-011. आमच्याकडे एक बिनब्रँडचीही आहे. तिचं टोक सैल बसतं आणि जरा हात हलला की सुटतं. चार मुलांच्या धक्काबुक्कीत असं चालत नाही. गेमबॉय घेताना गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं एसपी हे मॉडेल घ्या. पहिल्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला दिवाच नाही. खळ्यात उन्हात तो झकास दिसतो, पण संध्याकाळी माजघरात डोळे ताणावे लागतात. एसपीला दिवा आहे आणि केबल लावलेली असतानाही चार्जिंग करता येतं. गेमबॉय मायक्रोला हे टोक बसत नाही, आणि निन्टेन्डोच्या नंतरच्या हातातल्या कन्सोलला, डीएसला, लिंक पोर्टच नाही, त्यामुळे ते दोन्ही इथे निरुपयोगी.

खर्च केबलचा नाही, चार एसपींचा आहे. आम्ही भावंडांनी प्रत्येकी एक घेतला, म्हणून जमलं. एवढा खर्च नको असेल तर ‘पॅक-मॅन व्हर्सस’ शोधा. निन्टेन्डोचे नामवंत गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी घडवलेला 2003 चा हा गेम, आणि त्याला एकच केबल, एकच गेमबॉय पुरतो. पॅक-मॅनवाल्याला हातातल्या पडद्यावर पूर्ण भूलभुलैया दिसतो. बाकीचे तिघं टीव्हीवर भुतं होऊन त्याला शोधतात, पण त्यांना आपल्याभोवतीचा तुकडाच दिसतो. ज्याने पकडलं त्याच्या हातात गेमबॉय जातो. नियम अर्ध्या मिनिटात समजतात. आमच्या साठीतल्या मामीही भूत होऊन खेळल्या आणि नंतर गेमबॉय कोणाला द्यायलाच तयार नव्हत्या.