नऊ वर्षं जुन्या लॅपटॉपात नवं वाय-फाय कार्ड: सात महिने वापरल्यानंतर

लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीचा इंटेल आय५ प्रोसेसर. रॅम १६ जीबी आणि एसएसडी आधीच टाकून घेतलेली, स्क्रीन अजून चकाचक, त्यामुळे विकायचा जीव होईना. रड एकच, वाय-फाय. आत आलेलं कार्ड फक्त २.४ गीगाहर्ट्झवर (वाय-फायचा जुना, गर्दीचा पट्टा; दुसरा ५ चा) चालणारं, लिंक स्पीड, म्हणजे कार्ड आणि राउटरमधल्या जोडणीचं स्पीड, दाखवायचं जास्तीत जास्त ७२ एमबीपीएस. घरात १०० एमबीपीएसचा फायबर, मोबाईलवर ९५ येतात आणि त्याच टेबलावरच्या लॅपटॉपवर ३०, संध्याकाळी सात नंतर तर ८-१० वर गाडी. आम्ही सिडकोत राहतो, घराला घर लागून, लॅपटॉप उघडला की वीस-बावीस जणांची वाय-फाय नावं दिसतात आणि २.४ मधे एकमेकांच्या अंगावर न जाणारे चॅनल मोजून तीन, १, ६ आणि ११. म्हणजे बावीस घरं आणि नळ तीन.

नुसतं नेटच असतं तर चालवून घेतलं असतं, पण माझं काम लग्नाचे अल्बम करायचं. फोटो सगळे वरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर, तो राउटरला वायरने जोडलेला, आणि मी खाली लॅपटॉपवर. एका लग्नाचे ४० जीबी ओढायचे म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबीच्या स्पीडने तीन तास, त्यापेक्षा पेनड्राईव्ह घेऊन जिना चढलेला बरा, आणि मी तेच करायचो. त्यात एक गंमत, बाहेरची हार्डडिस्क यूएसबी ३ ला लावली की वाय-फाय हमखास रडायचं. मला वाटायचं माझा भ्रम आहे, नंतर कळलं की यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गीगाहर्ट्झच्या आसपासच पडतो, त्यामुळे खरंच त्रास होतो.

आधी स्वस्तातला डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचं वाय-फाय, घेऊन बघितला. बाजूला नाक काढून बसायचा, तापायचा, आणि एकदा आईच्या पदराला अडकून वाकला. तो विषय संपला.

मग गणपतीच्या आधी एम. जी. रोडला गेलो. मला हवं होतं इंटेलचं एएक्स२१० वाय-फाय कार्ड, दुकानदार म्हणाला दादा हे एएक्स२०१ घ्या, सेमच आहे, स्वस्त पण आहे. सेम नाहीये! २०१ दिसायला तसंच आणि एम.टू स्लॉटमधे (लॅपटॉपातली कार्डाची खाच) बसतं पण, पण ते सीएनव्हीआयवालं आहे, म्हणजे वाय-फायचं अर्धं डोकं प्रोसेसर-चिपसेटमधे असावं लागतं आणि ते सहाव्या पिढीत नाहीच. जुन्या मशीनला एएक्स२०० किंवा एएक्स२१० च घ्यायचं. १,८५० ला मिळालं. आणि त्या काळातल्या काही लॅपटॉपांत बायोसमधे (मशीन चालू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम) ठरावीक कार्डांचीच यादी असते, दुसरं टाकलं की मशीन चालूच होत नाही, तेव्हा आपल्या मॉडेलचं आधी बघून घ्या. माझं सुटलं. मिनी पीसीआयई स्लॉटवालं (एम.टू च्या आधीची, मोठी खाच) अजून जुनं मशीन असेल तर हे कार्ड थेट बसणारच नाही, त्यातलं इंटेल ७२६० बघा.

बसवणं दहा मिनिटांचं. खालचं झाकण, बॅटरीची पिन काढली, एक स्क्रू, झालं. ड्रायव्हर मात्र आधीच पेनड्राईव्हवर घेऊन ठेवा, वाय-फायचा वेगळा आणि ब्लूटूथचा वेगळा, आणि विंडोज १० चं ६४ बिट लागतं. मी नव्हता घेतला. नवं कार्ड बसवून नेट नसलेला लॅपटॉप समोर घेऊन बसलो, शेवटी मोबाईल केबलने जोडून नेट दिलं.

आता खरी गोष्ट. जुन्या कार्डाला अँटेनाची वायर एकच होती, काळी. नव्या कार्डावर वायर लावायची बटणं दोन. मी एक लावली, ५ गीगाहर्ट्झ दिसलं, नेट ९५ आलं, आणि मी खूष होऊन झाकण लावून टाकलं. महिनाभर असंच वापरलं. मग एकदा लिंक स्पीड बघितलं तर ४३३. राउटर माझा वाय-फाय ५ चा, दोन अँटेना असत्या तर ८६६ दाखवायला हवं होतं. म्हणजे निम्म्यावर चालत होतो आणि नेट १०० चंच असल्यामुळे कधी कळलंच नाही. २५० रुपयांची लॅपटॉपात बसणारी चिकटपट्टीची अँटेना मागवली, एमएचएफ४ पिनवाली (जुन्या मिनी कार्डांची पिन मोठी असते, ती नाही चालत), हाताच्या टेकणाखाली प्लास्टिकला चिकटवली. पत्र्याला चिकटवली तर उपयोग नाही. ती पिन मोहरीएवढी, सरळ वरून दाबली तरच बसते, मी दोनदा तिरकी दाबली आणि पाच मिनिटं काही श्वास घेतला नाही.

त्यानंतर ४० जीबी बारा मिनिटांत येतात, एका वायरवर बावीस-तेवीस लागायची. यंदाच्या लग्नसराईत पेनड्राईव्ह हातात धरला नाही. ब्लूटूथ हेडफोन पण सुधारले, आधी डाउनलोड चालू असताना गाणं अडखळायचं, कारण वाय-फाय आणि ब्लूटूथ दोघं २.४ वर त्याच एका वायरवर भांडायचे.

कुरकुर? झाकण मिटून उघडलं की कधीकधी वाय-फाय गायब, रीस्टार्ट केल्याशिवाय येत नव्हतं. डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन वीज वाचवायला कार्ड बंद करायची टिक काढली, तेव्हापासून एकदाही नाही. बॅटरीत फरक असेल तर मला जाणवला नाही. कार्डाच्या खोक्यावरचा २४०० एमबीपीएसचा आकडा माझ्या घरी शोभेला आहे, त्याला १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनल देणारा राउटर लागतो, आणि ६ गीगाहर्ट्झ माझ्या राउटरला माहीतच नाही. पण कार्ड त्यासाठी घेतलंच नव्हतं.

मागच्या बेडरूममधे मात्र ५ गीगाहर्ट्झ दोन विटांच्या भिंती पार करून येताना दमतं, तिथे लॅपटॉप आपसूक २.४ वर उतरतो आणि मी परत त्या तीन नळांच्या रांगेत. तिथे बसून काम करायचं सोडून दिलंय.